हेब्बाळची वेस

बदलीचा हुकूम खिशात घालून बंगळुरास येणारा मराठी माणूस हल्ली बहुधा विमानाने येतो. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून शहराकडे निघाल्यावर त्याची गाडी पहिल्यांदा जेथे अडखळते, ते ठिकाण हेब्बाळ. एकावर एक वेटोळे घालीत गेलेले उड्डाणपूल, त्यांच्या खांबांमधून वाट काढणारी हजारो वाहने, मेट्रोच्या बांधकामाचे लोखंडी कुंपण, आणि या सर्वांच्या पलीकडे अकस्मात दिसणारे पाण्याचे एक विस्तीर्ण, निश्चल पात्र. हेब्बाळ म्हणजे वाहतुकीचा खोळंबा, एवढीच ओळख पुढे कित्येक वर्षे त्याच्या मनात राहते. कचेरीत उशिरा पोहोचलेला इसम ‘हेब्बाळ’ एवढा एकच शब्द उच्चारतो आणि साहेबांचे समाधान होते. आमच्याही मनात या गावाचे स्थान बरेच दिवस याहून अधिक नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

तथापि ज्या गावाला आपण शहराचे एक उपनगर म्हणून ओळखतो, त्याचे नाव खुद्द शहराच्या नावाआधी दगडावर कोरले गेले होते, असे कळले म्हणजे मनुष्य थोडा चपापतो. २०१८ साली हेब्बाळ गावात गटारासाठी खोदकाम चालू असता एक वीरगळ उजेडात आला. त्यावरील कन्नड लेख इ. स. ७५०च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकीर्दीतला आहे. बंगळूर शहराच्या हद्दीत सापडलेला हा सर्वांत जुना कन्नड लेख मानला जातो. बेगूर येथील ज्या लेखात ‘बेंगळूरु’ हे नाव प्रथम येते, तो इ. स. ८९०च्या आसपासचा, म्हणजे याहून सुमारे एकशे चाळीस वर्षांनी धाकटा. हेब्बाळच्या लेखात या प्रदेशाला ‘पेर्बोळल् नाडु’ म्हटले असून त्यापुढे ३० हा आकडा आहे. तीस गावांचा तो परगणा. ‘पेर्’ म्हणजे मोठे व ‘पोळल्’ म्हणजे नगर. जुन्या कन्नडातील ‘प’चा पुढे ‘ह’ झाला आणि पेर्बोळलचे हेब्बाळ झाले. ज्याला ‘थोरले नगर’ म्हणत ते खेडे बनले, आणि ज्याचे नाव त्या काळी कोणा लेखकाला घ्यावेसे वाटले नव्हते, त्या गावाने पुढे त्या खेड्याला पोटात घेतले!

लेखाचा मजकूर मोजकाच आहे. पेर्बोळल् नाडूवर ‘रट्टवाडी’ची स्वारी आली, तिच्याशी लढता लढता कित्तय्या नावाचा वीर धारातीर्थी पडला. राजे, सेनापती यांचे गुणवर्णन नाही. जिंकले कोण, हरले कोण याचीही वाच्यता नाही. गावावर संकट आले, एक माणूस पुढे झाला आणि मेला, इतकेच.

येथे मराठी वाचकाला क्षणभर थांबावे लागते. रट्ट म्हणजे राष्ट्रकूट. वेरूळचे कैलास लेणे ज्यांच्या राज्यात कोरले गेले, ते हे राजे. सामानगडच्या ताम्रपटामुळे दंतिदुर्गाचे नाव कोल्हापूरकडील मंडळींना परिचित आहे. ‘रट्ट’ व ‘महारट्ट’ यांचे नाते जोडून त्यांत ‘महाराष्ट्र’ या शब्दाचे मूळ शोधणाऱ्या विद्वानांत डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारखे थोर पुरुष होऊन गेले. आमच्या शालेय इतिहासात राष्ट्रकूटांच्या दिग्विजयाचा उल्लेख आला की तो अभिमानानेच येतो. दंतिदुर्गानंतर गादीवर आलेल्या पहिल्या कृष्णाने इ. स. ७६८मध्ये गंगांच्या मुलखात मान्यपुर येथे तळ ठोकला असता एक दानपत्र करून दिले. ते पुणे जिल्ह्यात तळेगाव येथे सापडले. हे मान्यपुर म्हणजे बंगळुराच्या वायव्येस, नेलमंगलाजवळचे आजचे मण्णे. ताम्रपटात तो विजयी छावणीचा मुक्काम आहे. त्याच झगड्याची दुसरी बाजू पाहायची असेल तर हेब्बाळच्या दगडाकडे जावे लागते. एकच इतिहास तळेगावास तांब्यावर आणि हेब्बाळास दगडावर असा दोन भाषांत, दोन मनःस्थितींत लिहिला गेला आहे. आणि आम्ही आजवर फक्त तांब्यावरचा वाचीत आलो.

आता राष्ट्रकूटांना सरसकट मराठी म्हणणे शास्त्राला धरून नाही. त्यांची राजधानी मान्यखेट कन्नड मुलखात, आणि ‘कविराजमार्ग’ हा कन्नडातला आद्य उपलब्ध ग्रंथ त्यांच्याच अमोघवर्षाच्या काळातला. तेव्हा ‘ते आमचे’ हा अभिमान जितका सैल, तितकाच ‘त्यांनी केले’ हा अपराधही सैल. परंतु अभिमान घ्यावयाचा आणि कित्तय्याच्या मृत्यूचा प्रश्न निघाला की वंशावळ तपासावयास बसायचे, हे काही बरे दिसत नाही.

मधल्या आठशे वर्षांत हेब्बाळचे काय झाले याचा विस्तार करण्याचे कारण नाही. १५३७ साली पहिल्या केंपेगौडाने बंगळुरास मातीचा कोट घालून पेठा वसविल्या. हेब्बाळचा तलावही त्यानेच बांधला अशी परंपरा आहे. या मुलखाला नदी नाही, हे लक्षात घेतल्यावाचून येथले काहीच समजत नाही. बंगळूर उंचवट्याच्या पाठीवर बसले आहे. पाऊस पडतो आणि दोन्ही अंगांनी ओघळून जातो. पश्चिमेकडचे पाणी वृषभावतीने कावेरीच्या खोऱ्यात, पूर्वेकडचे हेब्बाळ व कोरमंगला यांच्या दऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे. हे ओघळते पाणी अडविण्यासाठी एकाखाली एक बांध घातलेले. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून निघालेले पाणी कालव्याने खालच्यात उतरे. या कालव्यांना येथे ‘राजकालुवे’ म्हणतात. म्हणजे हेब्बाळचा तलाव हा एकटा तलाव नव्हे. माळेतला एक मणी आहे, आणि सूत्र तुटल्यावर मण्याचे जे होते ते पुढे त्याचे झाले.

केंपेगौडाच्या वंशजाने शहराच्या चार दिशांना चार मनोरे उभारले. त्यांपैकी उत्तरेचा मेखरी चौकाजवळ अद्याप उभा आहे. शहर येथपर्यंतच वाढावे, पुढे गेल्यास अनर्थ होईल, असे भाकीत त्या मनोऱ्यांशी जोडलेले ऐकावयास मिळते. भाकिताची सत्यासत्यता कशीही असो, हेब्बाळ या उत्तर मनोऱ्याच्याही पलीकडे, बळ्ळारीच्या वाटेवर पडते. अर्थात ते शहरात नव्हते. शहराच्या वेशीबाहेरचे पहिले पाणी होते.

१६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या मुलखात उतरले. तिसऱ्या केंपेगौडाला बंगळूर सोडून मागडीस जावे लागले आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जिजाबाई व बाल शिवाजी काही काळ येथे होते, हे आपणांस ठाऊक असते. बंगळुरास नवीन आलेला मराठी अधिकारी पहिल्या महिन्याभरात पाहुण्यांना ते सांगूही लागतो. व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास तंजावर घेतले आणि भोसल्यांचे लक्ष तिकडे लागले. १६८७ साली मोगलांच्या कासिमखानाने बंगळूर घेतले व ते लागलीच म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला तीन लाख रुपयांना देऊन टाकले. पन्नास वर्षांची मराठी जहागीर अशी संपली. तिचे अवशेष शोधणाऱ्याला पेठेतून व गवीपुराच्या बाजूने हिंडावे लागते. हेब्बाळास काही नाही. जहागीरदार येतात, जातात, तलावाचा बांध मात्र गावकरीच दुरुस्त करीत असतात.

भोसले तंजावरास गेले, त्यांच्यामागून मराठी कारकून, वैद्य, शास्त्री गेले, त्यांची घराणी कावेरीकाठी रुजली. सव्वादोनशे वर्षांनी त्यांतल्याच एका घराण्याचा पुरुष बंगळुरास सरकारी अधिकारी म्हणून परत आला. विश्वनाथ पाटणकर माधवराव, म्हणजे व्ही. पी. माधवराव, हे कुंभकोणमचे तंजावरी मराठी. पुढे ते त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले; पण आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व त्याआधीचे आहे. १८९८ साली मुंबई-पुण्याकडून आलेली प्लेगची साथ बंगळुरात शिरली, तेव्हा ते म्हैसूर संस्थानचे प्लेग कमिशनर होते. पेठेतली घरे एकाला एक चिकटलेली, अंगणे नाहीत, मोऱ्या उघड्या. साथ तेथेच फैलावली. या धक्क्यातून मल्लेश्वरम् व बसवनगुडी या आखीव वस्त्या निघाल्या. रुंद रस्ते, मागे गल्ली, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा. जुने शहर सुधारणे कठीण, म्हणून नवे शहर बाहेर वसवावे, हा विचार बंगळुराने प्लेगच्या भीतीतून उचलला. पुण्यामुंबईतही तो त्याच भीतीतून आला, हे वाचकांना आठवत असेलच. पण मुंबईच्या सुधार मंडळाने दाट चाळी पाडून त्यांतून सँडहर्स्ट रस्त्यासारखे रस्ते काढले. बंगळुरास भोवती जमीन मोकळी होती. पाडण्यापेक्षा पसरणे सोपे होते. या सोयीची किंमत नंतर हेब्बाळाने भरली.

प्लेग ओसरत असतानाच, १८९९ साली, म्हैसूरच्या राजप्रतिनिधी महाराणी वाणीविलास सन्निधान यांनी हेब्बाळ येथे ३० एकर जमीन शेतीच्या प्रयोगक्षेत्रासाठी दिली, आणि डॉ. लेहमान या रसायनज्ञाने तेथे माती व खते यांचा अभ्यास सुरू केला. १९०८ साली संस्थानच्या नोकरीत आलेला लेस्ली कोलमन हा कॅनेडियन शास्त्रज्ञ पुढे शेतकी खात्याचा प्रमुख झाला. सुपारीच्या कोळेरोगावर त्याने शोधलेल्या फवारणीचे नाव मलनाडातले बागायतदार अजून काढतात. १९१३मध्ये हेब्बाळास शेतकी शाळा निघाली, १९२५मध्ये गुरांच्या साथींवर लस तयार करणारी सीरम संस्था, १९४६मध्ये शेतकी महाविद्यालय, १९५८मध्ये पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि या सर्वांच्या आधारावर १९६४ साली कृषि विद्यापीठ. येथल्या नाचणीच्या व पावट्याच्या जातींनी हेब्बाळचे नाव कोलारपासून तुमकूरपर्यंत शेतकऱ्यांच्या तोंडी नेले. ‘हेब्बाळ अवरे’ म्हणून पावट्याचे वाण आहेत, त्यांतले ‘एच. ए. ४’ दिवस लहान-मोठा असण्यावर अवलंबून न राहता वर्षातून केव्हाही शेंगा धरते. हिवाळ्यात अवरेकाळूच्या शेंगांचे ढीग लागले की त्यांतल्या सालांवर पाय घसरू न देता मल्लेश्वरमच्या बाजारातून चालणे ही बंगळुरातील एक कसरतच असते.

विद्यापीठाला १९६९मध्ये उत्तरेस गांधी कृषि विज्ञान केंद्राचे हजारावर एकरांचे आवार मिळाले आणि मुख्य कारभार तिकडे गेला. हेब्बाळचे जुने क्षेत्र मागे राहिले. आज पुलावरून पाहिल्यास सिमेंटच्या दाटीत अकारण मोकळे वाटणारे झाडीचे जे तुकडे दिसतात, ते पुष्कळसे या संस्थांचे आहेत. कोणी नगररचनाकाराने उद्यान म्हणून ते राखले नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका दानामुळे ते सरकारी दप्तरात ‘संस्थेची जमीन’ राहिले आणि वाचले.

दप्तराचा विषय निघालाच आहे, आणि आमचे वाचक दप्तराचेच लोक आहेत, म्हणून एक गोष्ट थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. आपल्याकडे सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असतो. कर्नाटकाच्या जमीन दप्तरातही ‘खराब’ हाच शब्द आहे. त्याचे दोन वर्ग: ‘अ’ खराब म्हणजे लागवडीला निरुपयोगी, ‘ब’ खराब म्हणजे रस्ते, ओढे, तलाव, स्मशान अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली. दोहोंवर सारा नाही. ज्या जमिनीवर सारा नाही, ती दप्तराच्या दृष्टीने खराब. मग तीत गावाचे सगळे पाणी का साठत असेना! आम्ही स्वतः अशा नोंदी पाहिल्या आहेत, त्यांवर सह्या करणारेही पाहिले आहेत, आणि ‘खराब’ या शेऱ्याने मनात कधी काही हलले असे सांगता येणार नाही. सारा देणारी जमीन संपादन करावयाची तर मोबदला, हरकती, सुनावण्या. खराब जमीन सरकारचीच. शहराला बसस्थानक हवे झाले तेव्हा धर्मांबुधी तलावाची जागा मोकळी होती; क्रीडांगण हवे झाले तेव्हा संपंगी तलावाची. पाणी १८९४-९६पासून हेसरघट्ट्याहून, १९३३पासून तिप्पगोंडनहळ्ळीहून नळाने येऊ लागले होते. मग दारातला तलाव कशाला हवा, हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला दुष्ट म्हणता येत नाही. तो घाईत होता, एवढेच.

आणि घाई होतीच. १९४१ साली शहराची वस्ती चार लाखांच्या आसपास होती. १९५१च्या गणनेत ती पावणेआठ लाखांच्या पलीकडे गेली. १९४५ साली सुधार मंडळ स्थापन झाले. १९४९मध्ये पेठेची नगरपालिका व कँपाची नगरपालिका एक होऊन महानगरपालिका झाली. १९७६मध्ये सुधार मंडळाच्या जागी विकास प्राधिकरण आले. मनोऱ्याच्या पलीकडे राजमहाल विलास, गंगानगर, रवींद्रनाथ टागोर नगर अशा वस्त्या पडत गेल्या, आणि ज्या शेतांतून हेब्बाळच्या तलावात पाणी येई, त्यांवर भूखंड आखले गेले. भूखंड आखणाऱ्या नकाशात राजकालुवे ही एक निळी रेघ होती. घरे झाली, मोऱ्या तिलाच जोडल्या गेल्या. पाण्याची वाट मैल्याची वाट झाली. १९८५मध्ये सरकारने लक्ष्मण राव यांच्या अध्यक्षतेखाली शहरातील तलावांसाठी समिती नेमली. तिने तलाव राखावेत, ते फोडू नयेत अशी शिफारस केली. हेब्बाळचा तलाव त्यामुळे नकाशावर टिकला खरा. पण वरचे येणारे पाणी कोणते, हा प्रश्न तसाच राहिला.

पुढचा काळ वाचकांच्या डोळ्यांसमोरचा आहे. बाहेरचा वळसारस्ता आला आणि बळ्ळारी रस्त्याला हेब्बाळास मिळाला. दोन महामार्गांचा सांधा म्हणून येथे उड्डाणपुलाचे जाळे बांधले. २००३ साली ते खुले झाले. २००८च्या मे महिन्यात नवा विमानतळ सुरू झाला, आणि ज्या रस्त्याने एके काळी बैलगाड्या नाचणी घेऊन येत तो राज्यातला सर्वांत घाईचा रस्ता ठरला. जमिनीच्या भावाविषयी लिहिण्याची आमची इच्छा नाही. हरिहर व बंगळूर येथे उद्योगांचा पाया घालणाऱ्या किर्लोस्करांचे नावही हेब्बाळच्या एका व्यवसाय-संकुलाला आहे, याची मात्र नोंद करावीशी वाटते. यंत्राच्या घडघडाटाऐवजी तेथे कचेऱ्या व इस्पितळ पाहून आमच्या पिढीतला मनुष्य किंचित गोंधळतो. २००७मध्ये सात नगरपरिषदा, एक नगरपंचायत व शंभरावर खेडी मिळवून शहराची हद्द सव्वादोनशे चौरस किलोमीटरांवरून सातशेंच्या पलीकडे नेण्यात आली, तेव्हा एके काळी वेशीबाहेर असलेले हेब्बाळ हद्दीच्या बरेच आत आले. २०२५च्या सप्टेंबरात त्या अवाढव्य महापालिकेच्या पाच महापालिका केल्या. त्याच वर्षी पुलाला आणखी एक वळणाची कमान जोडली, आणि हेब्बाळपासून दक्षिणेस भूमिगत बोगदा काढण्याची योजना वादाचा विषय झाली. पूल अपुरा पडला म्हणून कमान, कमान अपुरी पडेल म्हणून बोगदा. मेखरी चौकातला मनोरा हे सगळे मुकाट्याने पाहतो आहे.

तलावाला मध्यंतरी आणखी एक अनुभव आला. गाळ काढून, काठ बांधून तो सुधारण्यात आला. आणि २००२मध्ये स्थापन झालेल्या सरोवर विकास प्राधिकरणाने देखभालीच्या नावाखाली काही तलाव खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिले, त्यांत हेब्बाळचाही होता. ज्या काठावर गावची गुरे पाणी पीत तेथे तिकीट लावून आत जायचे, ही कल्पनाच काही नागरिकांना असह्य झाली. २००८मध्ये प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या समितीचा अहवाल आला, आणि २०१२ साली न्यायालयाने तलावांच्या रक्षणासाठी राज्यभर यंत्रणा उभी करण्यास सरकारला सांगितले. दप्तरातला जो शब्द ‘खराब’ होता, त्याचा ‘सार्वजनिक’ हा दुसरा अर्थ वाचून दाखविण्यास इतकी वर्षे व एक न्यायालय लागले. हिवाळ्यात भल्या सकाळी गेल्यास झोळीदार चोचीचे पेलिकन पक्षी अजून पाण्यावर उतरतात. त्यांच्यामागे, धुक्यातून, पुलावरच्या दिव्यांची माळ सरकत असते.

आणि या सगळ्या सांडपाण्याचे काय होते? हेब्बाळ-नागवार खोऱ्यातले मलजल शुद्ध करून ते नळांवाटे उत्तरेस चिक्कबळ्ळापूरकडच्या कोरड्या तलावांत सोडण्याची योजना अलीकडे अमलात आली. तिकडच्या विहिरींना पाणी चढले म्हणून शेतकरी समाधानी आहेत. शुद्धीकरण पुरेसे नाही म्हणून काही शेतकरी व जाणते साशंकही आहेत. पूर्वी पाणी उतारावरून आपसूक खाली जाई. आता शहर ते वापरते, मळवते, धुते आणि विजेच्या बळावर चढावर परत पाठविते. ज्या तीस गावांच्या परगण्यासाठी कित्तय्या लढला, त्याच्या उत्तरेकडच्या गावांना थोरल्या नगराकडून आज मिळणारा वाटा तो हा.

वीरगळ हल्ली छोट्या मंडपात उभा आहे. शिलालेख जपण्यासाठी झटणाऱ्या काही नागरिकांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्याची सोय लावली. गटाराची मोजमापे घेणाऱ्या कोणाच्याही नकाशात तो नव्हता, आणि दुसऱ्या एखाद्या कुदळीखाली तो फुटलाही असता. आम्ही पाहावयास गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. जुन्या गावच्या बोळात एक म्हातारी पावट्याच्या शेंगा सोलीत बसली होती. आम्ही मोडक्या कन्नडात दगड कोठे आहे म्हणून विचारले. तिने हाताने दिशा दाखविली आणि आम्ही कोठले, असे विचारले. आम्ही महाराष्ट्राचे म्हणून सांगितले. तिने मान हलविली व पुन्हा शेंगांकडे वळली.